मांडवकर सरांकडे राहिलेला डबा

मांडवकर सर कधी कुणाला नावं ठेवत नसत, आणि त्याचा आम्हाला ऑफिसात फार त्रास व्हायचा. दुपारी जेवणाचे डबे उघडले की कुणाचं तरी उणंदुणं काढायची आमची पद्धत होती. प्राचार्य खडूस आहेत, ग्रंथपाल शिष्ट आहे, अमक्या बाईंना हल्ली फार माज आलाय. असं छान रंगात आलेलं असताना सर पोळीचा तुकडा भाजीत बुडवत म्हणायचे, "असेल. पण परिस्थिती विचारलीत का?" झालं. भाजीची चव जायची.

सर रत्नागिरीत आमच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे आणि मी त्याच कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क. शिवाय राहायला एकाच आळीत, भाट्याच्या पुलाकडे उतरणाऱ्या रस्त्याला लागून. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून सरांचं मागचं अंगण दिसतं. म्हणजे दिवसा ऑफिसात सर आणि संध्याकाळी खिडकीत सर. नवऱ्याचं तोंड बघितलं नसेल इतकं मी सरांचं बघितलंय.

बघण्यासारखं त्यात काही नव्हतं, हेही सांगून टाकते. उंच, किडकिडीत, बारा महिने काखेत छत्री, खिशात कागदात गुंडाळलेला खडू. काहीही विचारलं की आधी एक बोट वर करायचे, मग गप्प राहायचे, मग बोलायचे. नवीन माणसाला वाटायचं की सरांना ऐकू आलं नाही, म्हणून तो पुन्हा विचारायचा. मग सर पुन्हा बोट वर करायचे. यात कितीतरी वेळ जायचा.

त्यांचं सगळं शास्त्र एका वाटपावर उभं होतं. "दुसरा उशिरा आला तर तो आळशी. आपण उशिरा आलो तर एसटी उशिरा. दुसरा बोलला नाही तर शिष्ट. आपण बोललो नाही तर दाढ दुखत होती. दुसऱ्याच्या वाट्याला स्वभाव आणि आपल्या वाट्याला परिस्थिती, असं आपण वाटप करतो. पुस्तकात याला मोठं नाव आहे, ते परीक्षेत लिहा. नाव नंतर विसरलात तरी चालेल, वाटप विसरू नका." हे ते दरवर्षी त्याच शब्दांत सांगायचे. पोरांनी त्यांचं नाव परिस्थिती सर ठेवलं होतं. ते सरांना माहीत होतं. पोरांनी असं नाव का ठेवलं असेल, याचीही त्यांच्याकडे परिस्थिती तयार असणार.

हे शास्त्र एकदाच हरलं. गोविंद नावाचा आमचा शिपाई रोज अर्धा तास उशिरा यायचा. मस्टर माझ्या ताब्यात, म्हणून मी तक्रार केली. सर मध्ये पडले, म्हणाले, आधी परिस्थिती विचारू. गोविंदला खुर्चीवर बसवून चहा दिला आणि घरचं सगळं विचारलं. म्हातारं माणूस आहे का, गाडी चुकते का, पाणी उशिरा येतं का. गोविंदने प्रत्येक प्रश्नाला नाही म्हणून मान हलवली आणि चहा संपल्यावर म्हणाला, "सर, जागच येत नाय." सरांनी बोट वर केलं. बऱ्याच वेळाने माझ्याकडे वळून म्हणाले, "शेट्येबाई, झोप ही परिस्थितीच आहे." मी मस्टरवर लाल शेरा मारला तो मारलाच.

सरांची दुसरी गोष्ट म्हणजे पेटी. आंब्याची लाकडी पेटी, रिकामी. जूनमध्ये पहिल्या तासाला ते वर्गातल्या प्रत्येकाला दोन चिठ्ठ्या लिहायला लावायचे. एकीवर शेजारी बसलेल्या अनोळखी मुलाबद्दल किंवा मुलीबद्दल पहिल्या नजरेत काय वाटलं ते, दुसरीवर सरांबद्दल. चिठ्ठ्या पेटीत जायच्या, पेटीला खिळे ठोकायचे, आणि ती वर्षभर माझ्या कपाटाखाली राहायची. झाडूवाली बाई रोज मला विचारायची की आंबे काढत का नाही.

मार्चमध्ये पेटी फुटायची, तेव्हा मीसुद्धा काम टाकून बघायला जायची. एका वर्षी दोन मुलगे निघाले, एक लांज्याकडचा, एक इथलाच बंदरावरचा. दोघांनीही एकमेकांबद्दल चार शब्द लिहिले होते, "शिष्ट वाटतो. बोलत नाही." अगदी तेच चार आणि त्याच क्रमाने. शेजारी बसून जूनपासून गणपतीपर्यंत दोघं गप्प, कारण समोरचा गप्प. मार्चला हे दोघं एका स्कूटरवरून यायचे. सरांनी विचारलं, "आधी कोण बोललं?" दोघांनाही आठवेना. सर म्हणाले, "ते महत्त्वाचं नाही. तीन महिने गेले ते महत्त्वाचं." मग सरांबद्दलच्या चिठ्ठ्या वाचल्या. एका मुलीने जूनमध्ये लिहिलं होतं, "कंटाळवाणे असावेत." सरांनी तिला विचारलं, "आता काय वाटतं?" ती प्रामाणिक होती. म्हणाली, "अंदाज बरोबर होता, सर." सरांनी ती चिठ्ठी खिशात ठेवली. त्यांना ती फार आवडली होती.

मासळी बाजाराचं प्रकरणही त्याच काळातलं. माणसाचे कपडे बघून मासेवाली बाई भाव सांगते, असं सरांचं म्हणणं, आणि ते तपासायचं ठरलं. पहिल्या दिवशी सर कडक इस्त्रीत गेले. दुसऱ्या दिवशी भोकं पडलेलं बनियन, खांद्यावर पंचा. चार मुलं लांब उभी राहून वहीत लिहून घेत होती. बाईने भाव दोन्ही दिवशी एकच सांगितला. दुसऱ्या दिवशी वर विचारलं, "सर, कपडे वाळले नाय काय? मॅडमना सांगा, आज सौंदाळे चांगले नाय, बांगडे न्या." सर बांगडे घेऊन परत आले आणि वर्गात म्हणाले की प्रयोग फसला, पण एक कळलं. ओळख असली की कपडे दिसत नाहीत.

या मॅडम म्हणजे सरांच्या पत्नी. आळीत सगळे त्यांना काकू म्हणायचे. सर जगाचं निरीक्षण करायचे आणि काकू जगाशी बोलायच्या, अशी त्यांची विभागणी होती. सरांच्या घराला लागून इस्माईलभाईंचं घर. इस्माईलभाईंनी उभी हयात बोटीवर कूक म्हणून काढली. निवृत्त होऊन घरी आले तरी त्यांचा हात वीस माणसांचाच राहिला. घरात दोन माणसं आणि टोपात वीस माणसांचं. ते जायचं कुठे? दोन घरांच्या मध्ये जांभ्या दगडाचा कमरेएवढा गडगा आहे आणि त्यावर एक सपाट चिरा आहे. तो चिरा म्हणजे काउंटर. इकडून भाकरी, तिकडून सुरमईची आमटी. इकडून मोदक, तिकडून शिरखुर्मा. मे महिन्यात इस्माईलभाईंच्या हापूसच्या कलमाचे पहिले पाच आंबे चिऱ्यावर यायचे. आणि एक नियम दोन्ही घरं पाळायची. आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही. अगदी काही नसलं तर चार मिरच्या, कढीपत्त्याची काडी, पण काहीतरी हवं. त्यामुळे भांडी सतत फिरत राहायची आणि कुठलं कुणाचं हे काकू आणि इस्माईलभाई सोडून कुणाला सांगता येत नसे.

सर या सगळ्यात नव्हते. ते आपल्या अंगणात आरामखुर्चीत बसून पेपर वाचायचे आणि मध्येच म्हणायचे, "इस्माईलभाई, मीठ बरोबर आहे." एवढाच त्यांचा सहभाग. पण रोज संध्याकाळी इस्माईलभाई गडग्यापाशी उभे राहून कुठल्या बंदरातली माणसं कशी हे सांगायचे आणि सर पेपर खाली ठेवून ऐकायचे. सर कुणाचं ऐकताना बोट वर करत नसत असा तो एकच माणूस.

काकू आजारी पडल्या त्या उठल्याच नाहीत. शेवटी शेवटी त्यांना अन्न जाईना. इस्माईलभाईंनी शेवयांची खीर करून कडीच्या डब्यातून पाठवली. तो डबा बोटीवरचा, ॲल्युमिनियमचा, बुडाला नंबर ठोकलेला. काकूंनी दोन चमचे खाल्ले आणि म्हणाल्या, वेलची जास्त झालीय. त्यानंतर दोन दिवसांनी त्या गेल्या. इस्माईलभाई स्मशानापर्यंत आले आणि शेवटपर्यंत मागे उभे राहिले. सगळं आटपल्यावर सरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि घरी गेले.

आता पुढचं नीट सांगते, कारण त्यात आमचं घर आहे.

काकूंचे दिवस होऊन गेल्यावर एका दुपारी इस्माईलभाई आमच्या दारात आले. माझ्या सासूबाई ओटीवर तांदूळ निवडत होत्या. मी आत भाजी चिरत होते, मला सगळं ऐकू येत होतं. त्यांनी सासूबाईंना विचारलं, "आजी, तुमच्यात सुतकाच्या घरात गोड पाठवला तर चालतो काय? सर एकटेच हायत, खीर करीन म्हणतो." सासूबाईंचं शास्त्र स्वतंत्र होतं. त्यांनी तांदळातून मान वर न करता सांगितलं, "वरीसभर गोडाचा काय पाठवायचा नाय. आणि त्या घरात भांडा ऱ्हायला असला तर तो मागायचा नाय. त्यांनी दिला तर घ्यायचा." इस्माईलभाई म्हणाले, "बरा झाला विचारला. नाहीतर चूक झाली असती." आणि चप्पल घालून गेले.

असा नियम मी त्यापूर्वी ऐकला नव्हता, नंतरही नाही. पण सासूबाईंच्या मध्ये बोलायची आमच्याकडे पद्धत नव्हती, आणि भाजी फोडणीला टाकायची होती.

मग वर्षभर चिऱ्यावर काही आलं नाही. ईदचा शिरखुर्मा नाही, मे महिन्यात आंबे नाहीत. इस्माईलभाई मन मारून सुतक पाळत होते. इकडे सरांचं वेगळंच चाललं होतं. त्यांना स्वयंपाकातलं चहाशिवाय काही येत नव्हतं, खानावळीचा डबा लावलेला. इस्माईलभाईंचा कडीचा डबा घासून पुसून फळीवर ठेवलेला. तो रिकामा परत कसा करायचा, आणि भरायचा तर कशाने? काकू असत्या तर त्यांनी चिमूटभर साखर घालून दिला असता. सरांना वाटलं, इस्माईलभाई डब्याच्या निमित्ताने तरी येतील. ते आले नाहीत. येणार कसे, त्यांना तर मागायला बंदी.

वर्ष उलटलं. इस्माईलभाईंना वाटलं, आता डबा येईल. तो आला नाही. पुढच्या मे महिन्यात कलमाची एक फांदी वाकून सरांच्या अंगणात आली आणि तिचे आंबे तिकडे पडायला लागले. सरांनी ते गोळा करून चिऱ्यावर ठेवले. आपल्या अंगणात पडले तरी आंबे त्यांचे, आणि बोलायला एक निमित्तही होईल, असा त्यामागचा विचार. पलीकडून इस्माईलभाईंनी पाहिलं की सर पडलेला आंबासुद्धा परत करतात. त्यांनी हात लावला नाही. इकडून सरांनी पाहिलं की ते ठेवलेला आंबासुद्धा उचलत नाहीत. आठ दिवस आंबे तिथेच होते. कावळ्यांनी खाल्ले. मी हे सगळं खिडकीतून बघत होते आणि भांडी घासत होते.

त्यानंतर मात्र दोघांनी एकमेकांकडे बघणंही सोडलं. झाडांना पाणी घालायची दोघांची वेळ एकच. सर कढीपत्त्याकडे तोंड करून पाणी घालायचे आणि इस्माईलभाई केळीकडे. केळीला आणि कढीपत्त्याला इतकं पाणी कधी मिळालं नव्हतं. एकदा ऑफिसात मी सहज विषय काढला तर सर म्हणाले, "ती असेपर्यंत त्यांचं येणंजाणं होतं. माझ्याशी त्यांना काय?" आणि इस्माईलभाई रस्त्यात भेटले तर म्हणाले, "मॅडम होत्या तवर ठीक होता, वहिनी. सरांना मी कशाला हवा?" एकाच आठवड्यात दोघांचं तेच वाक्य मी ऐकलं. मग मी काय केलं? घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं की गंमत बघा.

सहा वर्षं गेली. सासूबाई गेल्या, त्यांचा नियम राहिला. इस्माईलभाई का थांबले हे आख्ख्या आळीला माहीत होतं, कारण सासूबाईंनी ते कौतुकाने सगळीकडे सांगितलं होतं. बघा, परका माणूस असून रीत विचारायला आला.

या सहा वर्षांतच, सर अजून शिकवत होते तेव्हा, आमच्या आळीतल्या खांबावरचा दिवा गेला. आळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी टाकलं, "दिवा बंद आहे." त्यावर चौदा अंगठे आले. घरं अकरा. एक अंगठा माझाही होता. अंगठा दिला की काम केल्यासारखं वाटतं. तीन महिन्यांनी एक पाहुणे अंधारात गटारात उतरले तेव्हा कळलं की वायरमनला फोन कुणीच केलेला नाही. सरांनी दुसऱ्या दिवशी हे वर्गात घेतलं. मी नोटीस घेऊन दारात उभी होते. फळ्यावर मध्ये खांब, भोवती अकरा घरं, आणि प्रत्येक घरातून शेजारच्या घराकडे बाण. सर म्हणाले, "बघणारे जितके जास्त, तितकी जबाबदारी पातळ होते. प्रत्येकाला वाटतं, कुणीतरी सांगितलं असेल." पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "सर, तुम्ही फोन केलात?"

"नाही."

"का?"

सरांनी बोट वर केलं. "मी निरीक्षण करत होतो." वर्ग हसला. सर म्हणाले, "हेही लिहून घ्या."

सर रिटायर झाले आणि दोनेक वर्षांनी त्यांच्या मुलीने, अनघाने, त्यांना कायमचं पुण्याला न्यायचं ठरवलं. घराला कुलूप लागणार होतं. जानेवारीत ती सामान बांधायला आली. मी मदतीला गेले. सगळी भांडी पोत्यात भरून झाली तरी फळीवर कडीचा डबा एकटाच. अनघा म्हणाली, "बाबा, हा घ्यायचा?" सर म्हणाले, "तो आपला नाही."

मी म्हटलं, "अहो, मग इस्माईलभाईंना देऊन या ना. तुम्ही उद्या निघालात."

"त्यांना नको आहे, शेट्येबाई. सहा वर्षांत त्यांनी एकदा विचारलं नाही. माणूसच तसा."

आयुष्यात पहिल्यांदा मी सरांच्या तोंडून कुणाचा स्वभाव ऐकला. माझ्या हातातलं पोतं तसंच राहिलं. मी म्हटलं, "सर, ते विचारणार कसे? त्यांना आमच्या सासूबाईंनी सांगितलं होतं की मागायचं नाही." आणि ओटी, तांदूळ, खीर, वर्षाचं सुतक, सगळं सांगून टाकलं.

सर पेटाऱ्यावर बसले. बोट वर केलं नाही.

"हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्यापासून."

"आणखी कुणाला?"

मी मनात घरं मोजली. "सगळ्यांना, सर."

"मग मला कुणी का सांगितलं नाही?"

"वाटलं, कुणीतरी सांगितलं असेल."

सर माझ्याकडे बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "दिव्याचा खांब." मला इतकी लाज वाटली की मी पोत्याची गाठ सोडून परत बांधली. मग ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "तुमचं सोडा. मी गडग्याच्या अलीकडे होतो. चार पावलं. मी सगळ्यांना परिस्थिती विचारायला सांगितलं, आणि तिथे जाऊन विचारलं नाही." त्यांचे डोळे भरून आले होते. अनघाने रुमाल दिला तो त्यांनी घेतला नाही. उठले आणि म्हणाले, "शिऱ्याला काय काय लागतं?"

मी करून देते म्हटलं. "तुम्ही नुसतं सांगा, हात लावू नका," सर म्हणाले, "नाहीतर डबा तुमच्याकडून जाईल." पोती सोडून कढई काढली. रवा एका बाजूने कच्चा आणि एका बाजूने काळा भाजला. साखर मी सांगितली त्याच्या दुप्पट पडली. वेलची सालासकट गेली. मी एकदा डाव घ्यायला हात पुढे केला तर त्यांनी डाव पाठीमागे लपवला. शेवटी तयार झालं त्याला शिरा म्हणायचं आम्ही तिघांनी ठरवलं. कडीच्या डब्यात भरला, झाकण लावलं, आणि सर अंगणात गेले. मी खिडकीत नव्हते, या वेळी सरांच्याच मागच्या दारात होते.

त्यांनी डबा चिऱ्यावर ठेवला आणि आत आले नाहीत. तिथेच उभे राहिले. पलीकडे इस्माईलभाई केळीला पाणी घालत होते. त्यांनी डबा पाहिला, नळ बंद केला, हात लुंगीला पुसले. गडग्यापाशी येऊन झाकण उघडलं. उभ्यानेच बोटांनी घास घेतला आणि चावला. चावायला लागत होता.

"सर, रवा नीट भाजला नाय."

"नाही."

"मॅडम छान भाजायच्या."

"हो. इस्माईलभाई, तुम्ही का येत नाही ते मी विचारायला हवं होतं. माझं चुकलं."

इस्माईलभाईंनी दुसरा घास घेतला. "मी पण नाय विचारला. आजीला विचारला, तुम्हाला नाय." मग काळं झालेलं एक ढेकूळ बाजूला काढून म्हणाले, "मीठ बरोबर हाय." शिऱ्यात मीठ नव्हतं. सर हसले. सहा वर्षांनी हसले असं मी म्हणणार नाही, मध्येही हसत असतील, पण मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी अंधार पडेपर्यंत दोघं गडग्याच्या दोन बाजूंना उभे होते. पोती तशीच पडली होती आणि अनघा एकटीच बांधत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली. आळी जमली होती, सगळ्यांच्या माना खाली. सरांनी कुणालाही काही म्हटलं नाही. गाडी सुरू होणार तेवढ्यात इस्माईलभाई तोच कडीचा डबा घेऊन आले. आत नारळाच्या वड्या, वर फडकं घट्ट बांधलेलं. खिडकीतून सरांच्या मांडीवर ठेवला. अनघा म्हणाली, "बाबा, डिकीत ठेवू या, सांडेल." सर म्हणाले, "वड्या सांडत नाहीत." आणि त्यांनी सीटबेल्ट डब्यावरून घेतला. छत्री पायाशी, डबा मांडीवर, दोन्ही हात झाकणावर. मी सरांना शेवटचं बघितलं ते असं. इस्माईलभाई कुणालाही उद्देशून न बोलता म्हणाले, "डबा आता त्यांच्याकडं हाय. रिकामा परत करायचा नाय."

त्याला महिना होऊन गेला. परवा खांबावरचा दिवा पुन्हा गेला. संध्याकाळी ग्रुपवर कुणीतरी टाकलं, "दिवा बंद आहे." या वेळी मी अंगठा दिला नाही. सकाळी उठून चहाच्या आधी वायरमनला फोन केला आणि आळीचं नाव सांगितलं. तो कंटाळून म्हणाला, "होय ताई, आज येतोच. तुमच्या त्या दिव्याचा फोन रात्रीच आला. पुण्याहून. कोण मांडवकर म्हणून हायत."

मी खिडकीतून पलीकडे बघितलं. सरांच्या दाराला कुलूप होतं. इस्माईलभाई गडग्यापाशी मोबाईल कानाला लावून उभे होते आणि आज टोपात काय आहे ते कुणाला तरी सांगत होते.